आबा दुसऱ्यांदा उसात गेले

आमच्या वडगाव रासाईत साहेबराव नावाची चार माणसं होती. म्हणून माझ्या वडिलांना लोक 'सापडला नाही तो साहेबराव' म्हणायचे. ही पदवी त्यांना आणीबाणीत मिळाली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत मिरवली. बुद्धविहाराच्या कमिटीवर ते वर्षानुवर्षं होते, वाफेच्या इंजिनांच्या काळात दौंडच्या लोको शेडात रोजंदारीवर कोळसा वाहिला होता, बिडी सोडली तर व्यसन नव्हतं. यातलं कुणी काही सांगायचं नाही. सांगायचं एवढंच, की हा गडी नसबंदीच्या जीपला सापडला नाही.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आबा कामावर असताना कुणीतरी बातमी आणली, की जीप गावोगाव फिरतेय आणि दोन लेकरांचा बाप्या दिसला की उचलतेय. पलीकडच्या गावातून म्हणे साठी उलटलेल्या एका म्हाताऱ्यालाही नेलं. खरंखोटं बघायला कुणी गेलं नाही. आबांच्या पदरात मी आणि थोरली, दोन मुली. मुलगा व्हायचा होता. त्यांनी कोळशाचं टोपलं होतं तिथंच टाकलं, दौंडहून नदी ओलांडून पायी गावात आले आणि घरी न येता थेट बापूसाहेबांच्या उसात शिरले. आत बघतात तर बापूसाहेब आधीच येऊन बसलेले.

बापूसाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन, चार मुलांचे बाप. स्वतःच्याच उसात चोरासारखे बसले होते. दोघं तीन दिवस आत राहिले. एका गाडग्यातलं पाणी प्यायले, एका भाकरीचे दोन तुकडे केले आणि एकमेकांना अरे-तुरे केलं. बाहेर आल्यावर आबांचं 'बापूसाहेब, तुम्ही' पुन्हा सुरू झालं. गाडग्याची गोष्ट बापूसाहेबांनी कुणाला सांगितली नाही. आबांनी सगळ्यांना सांगितली.

शेडातलं काम गेलं ते गेलंच. पुढच्या वर्षी तिसरी मुलगी झाली, करुणा. एवढं पळून मुलगा झालाच नाही. गाव करुणाला 'उसातली' म्हणायचं आणि ते ऐकून आबा मिशीवरून हात फिरवायचे.

मला वरवंडला दिली होती, पण दोन वर्षांत मी परत आले. का, ते इथं सांगत नाही. तो राग वेगळा आहे. परत आल्यावर गावच्या अंगणवाडीत सेविका झाले आणि आबांच्या लेखी मी शत्रूच्या गोटात गेले. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारणं सोडलं. "सरकार, च्या झाला का?" "सरकार, भाकरी करपली." आई, ताईबाई, होती तोवर ती त्यांना दटावायची. ती गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, एक सरकार आणि एक फरारी.

तसं त्यांचं चुकत नव्हतं. माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचं मोठं पोस्टर होतं, हसणारा नवरा, हसणारी बायको, हसणारी दोन लेकरं, आणि खाली पुरुषांच्या नव्या शस्त्रक्रियेची जाहिरात: 'चिरा नाही, टाका नाही'. नर्सबाईंना दरवर्षी नसबंदीच्या केसेसचं टार्गेट असायचं आणि ते ओझं उतरत उतरत माझ्या डोक्यावर यायचं. मार्च जवळ आला की मी दारोदार फिरायचे आणि बाप्ये मला बघून मागच्या दारानं निघून जायचे.

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत आबांचं धोतर धुताना मला पुढच्या बाजूला लाल डाग दिसले.

"पानाची पिंक उडाली," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही पान खात न्हाई."

"दुसऱ्याची उडाली आसंल."

"दुसरा तुमच्या मांडीवर कशाला थुंकंल?"

मग ते म्हणाले बीट खाल्लं. आमच्या घरात बीट कधी आलं नव्हतं. मग म्हणाले उन्हाळी लागलीय, आणि जानेवारीच्या थंडीत तांब्याभर सब्जा भिजवून प्यायले. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. सब्जानं गुण आला म्हणून त्यांनी मला चार दिवस ऐकवलं. पाचव्या दिवशी पुन्हा लाल.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. दुखत न्हाई म्हंजी काय न्हाई."

मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. शिरूरच्या डॉक्टरांनी मात्र ऐकताक्षणी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "दुखून रक्त गेलं तर मी खडा म्हणालो असतो. न दुखता जातंय, मधेच थांबतंय, हेच वाईट. थांबलं की माणूस फसतो." त्यांनी दौंडला सोनोग्राफीला पाठवलं.

दौंडच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. लघवीच्या पिशवीच्या आतल्या भिंतीला बोराएवढी गाठ होती. "कॅन्सर असायची शक्यता जास्त आहे," ते म्हणाले. "पण लवकर आलात तर निघतो. पुण्याला घेऊन जा. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. बाहेरून काही नाही. चिरा नाही, टाका नाही."

आबा तोपर्यंत छताकडे बघत पडले होते. त्यांनी मान हळूहळू माझ्याकडे वळवली. ती नजर मी अजून विसरले नाही. घरचाच माणूस फितूर झाल्यावर बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

परतीच्या एसटीत ते तिकिटाची घडी करत बसले. मग विचारलं, "सरकार, यंदा किती केसा कमी हायत?"

"एक," मी म्हणाले. खरं बोलायची मला वाईट खोड आहे.

"व्हय," आबा म्हणाले.

दोन दिवसांत गावभर झालं, मायाबाईला केस मिळंना म्हणून बापालाच घेऊन चाललीय. पारावर लोक हसत होते, पण निम्मे जण खरंच मानत होते. पासष्ट वर्षांचा विधुर. त्याची नसबंदी करून देशाची लोकसंख्या कशी कमी होणार, हे एकाच्याही डोक्यात येईना. मी पारावर जाऊन सगळ्यांच्या आयांचा उद्धार करून आले. त्यानं उलट त्यांची खात्रीच पटली.

आबांना मी समोर बसवलं आणि सरळ शब्दांत सांगितलं. "आबा, तुम्हाला कॅन्सर हाय. काढला न्हाई तर मराल."

"कॅन्सर तोंडाला व्हतो," आबा म्हणाले. "तंबाखूवाल्यांना. मी बघितलाय. खाली न्हाई व्हत. खाली काय करायचं ते सरकारच करतं."

"बिडीचा धूर रक्तातून लघवीत उतरतो म्हणं. तिथंच साठून ऱ्हातो. डॉक्टर म्हणाले."

"बिडी मी तोंडानं वढतो."

"आवं, पासष्ट वर्साच्या माणसाची नसबंदी कोण करंल?"

"तवा त्या म्हाताऱ्याला नेलाच व्हता," आबा म्हणाले. त्या म्हाताऱ्याला मी कुठून आणून दाखवू?

फेब्रुवारी संपता संपता रक्ताच्या गुठळ्या पडायला लागल्या. एकदा तर लघवी अडकली आणि आबा भिंतीला डोकं लावून उभे राहिले. आता मात्र दुखलं. त्या रात्री ते "बरं, जाऊ" म्हणाले. मी सकाळी उठून बापूसाहेबांकडे गेले, कारण असल्या अवस्थेत एसटीत धक्के खात न्यायची माझी छाती होईना. बापूसाहेबांनी एका शब्दात गाडी देतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा ड्रायव्हर आण्णा गाडी घेऊन दारात आला आणि त्यानं हॉर्न वाजवला.

गाडी म्हणजे जीप होती. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, आलं नाही. आबा आत धोतर नेसत होते. मी चहाचं भांडं उतरवलं आणि वळून बघते तर मागचं दार उघडं. ज्या माणसाला आदल्या दिवशी मोरीपर्यंत जायला धरावं लागत होतं, तो माणूस धोतराचा सोगा हातात धरून नदीकडच्या वाटेला लागला होता.

शोधायची गरजच नव्हती. सगळ्या गावाला ठाऊक होतं ते कुठं असणार. बापूसाहेबांच्या नदीकाठच्या दोन एकरांत, तोच ऊस. अडचण एवढीच होती की त्याच दिवशी त्या उसाला कारखान्याची तोड आली होती. नगरकडची टोळी भल्या सकाळीच फडात उतरली होती आणि पूर्वेच्या कडेनं कोयते चालू झाले होते.

मी आत शिरले. उसाच्या पात्यांनी माझे दोन्ही गाल ओरबाडले, आणि मी एका सरीत गेले की आबा दुसऱ्या सरीत सरकत. पाचटाचा आवाज मला ऐकू यायचा. शेवटी मी बाहेर येऊन बांधावर बसले. म्हटलं, कापू दे ऊस. जातोय कुठं?

टोळीचा मुकादम संपत माझ्याकडे आला. "ताई, आत कोण हाय?"

"माझे वडील."

"काय करत्यात?"

"लपल्यात."

"कुणापासून?"

"माझ्यापासून."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, उसाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "तोड थांबवता यायची न्हाई. ट्रक सांजेला भरायचा हाय."

मग दिवसभर तो फड कमी कमी होत गेला. बांधावर गाव जमलं. कुणी डबे घेऊन आलं, कुणी शेंगा. ऊस संपत आला की आतले ससे बाहेर पडतात, म्हणून दोघंतिघं कुत्री घेऊन आले होते. कुणी म्हणे दुपारपर्यंत निघतील, कुणी म्हणे सांजेपर्यंत टिकतील. मधेच उसातून बिडीचा धूर वर यायचा आणि लोक बोटं दाखवायचे. मी त्या धुराकडे बघत होते आणि मला एकच दिसत होतं, ती बोराएवढी गाठ. दर बिडीमागं ती वाढत असणार असं मला वाटत होतं. माझी आई मी बघता बघता गेली होती. आता हाही माणूस माझ्या डोळ्यांदेखत, एवढ्या गर्दीत, निव्वळ हट्टापायी जाणार, असं वाटून मी मोठ्यांदा रडले. गावाला वाटलं केस बुडाली म्हणून रडतेय.

उन्हं कलली तेव्हा बापूसाहेब आणि त्यांच्या घरच्या साळूबाई आल्या. ऊस आता घराच्या अंगणाएवढा उरला होता. बापूसाहेब कडेला उभे राहिले.

"साहेबराव, बाहेर ये."

"बापूसाहेब, तुमीच जीप धाडली," आतून आवाज आला. "तुमच्याकडनं ही आपेक्षा नव्हती. आपुन दोघं पळाल्यालो."

बापूसाहेबांनी मागं बघितलं. सगळं गाव बसलेलं, सोसायटीचे सभासद, टोळीतले परके लोक. त्यांनी साळूबाईंकडे बघितलं. साळूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आता सांगून टाका. माणूस मरंल त्यात."

"साहेबराव," बापूसाहेब म्हणाले, "आपुन हितनं बाहेर आलो ना, त्या दिवाळीला मी पुण्याला गेलो. हिनं नेलं. माझं झालंय आपरेशन."

कोयते थांबले. कुत्री तेवढी भुंकत राहिली.

"कसलं?" आबांनी आतून विचारलं.

"तेच."

मग आबांचा आवाज आला, "पाटाच्या पाण्यावरनं भांडण झालं, तू तिघांना लोळवलं. ते आधीचं का नंतरचं?"

"नंतरचं."

"हिरीत बैल पडला, तू दोर वढला."

"नंतरचंच."

"विलेक्शनला उभा ऱ्हायला ते?"

"साहेबराव, समदं नंतरचं हाय. मला काय झालं न्हाई. आन् तुझं ते न्हाईच. पोरगी खरं बोलती. तुला दुसराच रोग हाय."

उसाचा शेंडा हलला. आबा बाहेर आले. अंगाला पाचट चिकटलेलं, धोतर लाल झालेलं. कुत्री त्यांच्याकडे धावली आणि ओळखून परत फिरली. ते बापूसाहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, मारतात आता.

"म्हंजी एवढी वर्सं मी एकटाच पळतोय," आबा म्हणाले.

"व्हय."

"बापू, तू मला सांगायचं तरी."

गावादेखत त्यांनी चेअरमनला अरे-तुरे केलं आणि बापूसाहेब नुसते मान खाली घालून उभे राहिले. मग आबा माझ्याकडे वळले. "चला, सरकार," म्हणाले आणि स्वतः जाऊन जीपमध्ये बसले. आमची गाडी हलली तेव्हा मागं बापूसाहेबांभोवती गर्दी झाली होती. पुढं कितीतरी दिवस लोक त्यांना प्रत्येक गोष्टीचं 'आधीचं का नंतरचं' विचारत होते.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गाठ काढली. आबांना कमरेखाली बधिर केलं होतं. शुद्धीत असल्यानं त्यांनी डॉक्टरांना आधीच बजावलं, की हिकडं-तिकडं हात लावायचा न्हाई, आपलं काम करा आन् निघा. आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅन्सरच निघाला, पण पिशवीच्या वरच्या अस्तरात होता, मांसात उतरला नव्हता. डॉक्टर तरुण होता, त्यानं मला कागदावर वर्तुळ काढून समजावलं. "हा परत येण्यात पटाईत असतो," तो म्हणाला. "म्हणून आता पिशवीत लस सोडायची. दर आठवड्याला एक, सहा आठवडे. बीसीजी."

मी म्हणाले, "डॉक्टर, चेष्टा करू नका. बीसीजी बाळांना देतात. दंडावर. मी स्वतः लेकरं गोळा करते."

"तीच लस, बाई."

"क्षयाची?"

"क्षयाचीच. त्यात जिवंत जंतू असतात, जरा लुळे केलेले. ते पिशवीत सोडले की शरीर त्यांच्याशी भांडायला धावून येतं. त्या भांडणात कॅन्सरच्या पेशींनाही मार बसतो. नेमकं कसं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

मला ते अजिबात पटलं नाही. कॅन्सर बरा करायला क्षयाचे जंतू. आबांना मात्र एका क्षणात समजलं. "बांधावरच्या भांडणात मधी उभा आसतो त्योच जास्त मार खातो," ते म्हणाले. "बराबर हाय. सोडा."

करुणा लग्न होऊन पुण्यातच विश्रांतवाडीला होती, तिच्याकडे आम्ही राहिलो. ज्या मुलीसाठी ते पळाले, असं म्हणायला हरकत नाही, त्याच मुलीच्या घरून ते दर मंगळवारी सरकारी दवाखान्यात जाऊ लागले. बारीक नळीनं लस आत सोडायची, दोन तास लघवी धरायची, आणि लस सगळ्या भिंतींना लागावी म्हणून पंधरा पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. डावी, उजवी, पालथं, उताणं. बापूसाहेब गावाहून भेटायला आले ते त्या वेळेलाच. गावात त्यांचं बसणं-उठणं अवघड झालं होतं, म्हणून त्यानंतर ते दर मंगळवारी येऊ लागले. खाटेशेजारी स्टुलावर बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे.

"साहेबराव, पालथा हो."

"आत्ता तर उताणा झालो."

"झाली पंधरा मिंटं. हो पालथा. एका बाजूनं करपशील."

तहान लागली तरी आबांना पाणी बेतानं द्यायचं होतं. बापूसाहेब आपल्या तांब्यातून घोटभर द्यायचे आणि उरलेलं स्वतः प्यायचे. वॉर्डात पन्नास माणसं बघत असायची. मी ते बघितलं, आणि आबांनी मी बघतेय हे बघितलं.

घरी गेल्यावर सहा तास संडासात ब्लिचिंग पावडर टाकावी लागायची, कारण जंतू जिवंत. आबांना याचा फार अभिमान वाटायचा. करुणाच्या शेजाऱ्यांना ते बोलावून सांगायचे, की आपल्या मुताला डॉक्टर घाबरतात.

चौथ्या डोसानंतर थंडी वाजून ताप आला, लघवीला आग व्हायला लागली. आबा अंथरुणावर कण्हत होते. मी कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ताप येतो, घाबरायचं न्हाई. दोन दिवस किरकिर करंल. लस लागू झाली आसं समजायचं." हे मी बाळांच्या आयांना सांगते. आबांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "लेकरांना आसंच सांगून फसवती व्हय?" म्हणाले. दुसऱ्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा मीच घाबरले आणि रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या, पुढचा डोस एक आठवडा लांबवला. उरलेले दोन डोस आबांनी तोंडातून ब्र न काढता घेतले.

मधल्या काळात मार्च संपून गेला होता. माझी केस भरली नाही ती नाहीच. केस का कमी पडली याचा खुलासा मागणारा कागद आला आणि सगळ्या सेविकांसमोर मीटिंगमध्ये मला उभं केलं. गावात एव्हाना वेगळंच चाललं होतं, की बाप नेऊनसुद्धा केस धरली नाही म्हणजे आतून काहीतरी गफलत झाली असणार. मी आबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. आण्णानं सांगितलं असावं.

पुढं आबा नऊ वर्षं जगले. दर काही महिन्यांनी दुर्बीण घालून घ्यायचे. एकदा परत छोटं काहीतरी दिसलं, तेही खरवडून काढलं. बिडी त्यांनी सोडली नाही, कमी केली, म्हणजे माझ्यासमोर कमी केली. दोन हजार चार साली गेले ते हृदयविकारानं. बापूसाहेब त्यांच्या आधी दोन वर्षं गेले. गावातल्या टार्गेटचं म्हणाल तर ते आबांच्या ऑपरेशनच्या पुढच्याच वर्षी, शहाण्णव साली, बंद झालं.

पण मला सांगायचंय ते पहिल्या तपासणीच्या दिवसाचं. जुलैचा महिना होता. दुर्बीण काढून डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ आहे, आबा. काही नाही." आम्ही शिरूरच्या एसटीत बसलो. आबा खिडकीशी, मी कडेला. शिक्रापूर मागं पडेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, झोप लागली.

"माया," ते म्हणाले.

अंगणवाडीत लागल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली होती. मी दचकून बघितलं.

"तुझी ती केस," आबा म्हणाले. "यंदाच्या सालात माझं नाव लिव."

मला आधी कळलंच नाही.

"आपरेशन झालंच हाय की. कागदबी हायती दवाखान्याचं. गावाला म्हणावं, सापडला. पोरीनं धरला."

त्यांचं शेडातलं काम गेलं होतं, मुलगा झाला नव्हता, बायको गेली होती, पळण्यातला जोडीदारही खोटा निघाला होता. 'सापडला नाही' एवढं एकच त्यांचं स्वतःचं असं उरलं होतं. आणि मला मीटिंगमध्ये कुणापुढं उभं राहायला लागू नये म्हणून, एसटीच्या बाकड्यावर बसून, ते मला देऊन टाकायला निघाले होते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

"आबा, काहीतरी बोलू नका," मी म्हणाले. "साठीच्या पुढची केस धरत न्हाईत."

"तवा धरत व्हते," आबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.